वीतभर नळी

अब्बा,

तुमच्या पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला तो वीतभर नळीचा तुकडा आज माझ्या बाकावर आहे, आणि ज्या बंदुकीचा तो तुकडा, ती बंदूकही त्याच्या शेजारी आडवी पडली आहे. सोळा वर्षांनी दोघांची गाठ पडली. तुम्हांला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणजे विचारायचंच असतं तर मधली पाच वर्षं माझ्या हातात होती. दर सुट्टीत मी गावी येत होतो, तुमच्यासमोर पडवीत बसत होतो. ओमानातल्या या रुस्ताकच्या हवेपासून आपल्या मालकाच्या, अर्बाबच्या, गुडघेदुखीपर्यंत तुम्ही सगळं विचारायचात आणि मी उत्तरं द्यायचो. माझा एक प्रश्न मात्र घशात राहायचा. राहायचा म्हणणंही खोटं आहे, मी तो तिथे मुद्दाम ठेवला होता. आज शुक्रवार आहे, दुकान बंद आहे आणि जुम्म्याच्या नमाजाला अजून दोन तास आहेत. तुम्हांला ठाऊक असलेलंही मी पुन्हा क्रमाने लिहिणार आहे, कारण क्रम सोडला की मी पळवाट काढतो हे तुम्ही ओळखून होतात.

किल्ल्याच्या खालच्या अंगाला, जुन्या बाजाराच्या तोंडाशी आपलं दुकान अजून आहे. आपलं म्हणायची सवय गेली नाही. परवाना अर्बाबच्या घराण्याचा, आता त्याच्या मुलाच्या नावावर आहे. काम तेच. लोक आजोबांच्या बंदुका घेऊन येतात, वर्षभर भिंतीवर टांगलेल्या, ईदेला आणि लग्नाला खांद्यावर घ्यायच्या. आपण दस्त्याचं लाकूड सांधतो, गंज काढतो, तेलपाणी करतो. तुम्ही खाडीवर होड्या बांधणारे सुतार, कोणा नातेवाइकाच्या ओळखीने इथे आलात आणि फळ्यांऐवजी बंदुकीचे दस्ते घासू लागलात. दुकानात बाक दोन. एक खिडकीजवळ, जिथे सकाळचा उजेड थेट लाकडावर पडतो. तो तुमचा. दुसरा मागे, कपाटाआड, ट्यूबलाइटखाली, पॉलिशचा वास कोंडून राहतो तिथे. तो माझा. मी सव्विसाव्या वर्षी, लग्न झाल्यावर आलो तेव्हापासून तुम्ही गावी परत जाईपर्यंत, सहा वर्षं मी त्या बाकावर काढली. आता मी खिडकीशी बसून लिहितो आहे.

तुमचा नियम एकच होता. दुकानात बंदूक आली की आधी तिचा परवाना हातात घ्यायचा, त्यावरचा नंबर आणि नळीची लांबी वाचायची, मग लोखंडावरचा नंबर वाचायचा, आणि दोन्ही मोठ्याने. एकदा आपण, एकदा बंदुकीचा मालक. जुळलं की परवान्याची नक्कल भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची आणि मगच हत्याराला हात लावायचा. पहिल्याच महिन्यात मी एक दस्ता नुसता डोळ्यांनी नंबर बघून घासायला घेतला. तुम्ही येऊन माझ्या हातातला रंधा काढून घेतलात. "मनात वाचलास तर तुझ्या कानाला काय कललां?" एवढंच बोललात, आणि दुकानातल्या एकूण एक बंदुकीचा नंबर मला अरबीतून मोठ्याने वाचायला लावलात. वाहद, सब्आ, तलाता. गिऱ्हाइकं कहवा पीत हसत होती. एक म्हातारा मला मधे मधे उच्चार सुधारून देत होता. माझे कान तापले होते. रात्री जेवताना तुम्ही कोकम घातलेल्या कालवणातला मोठा तुकडा माझ्या ताटात वाढलात, त्यावरून राग गेल्याचं मला समजलं. पण तुमचा राग गेला म्हणून माझा गेला होता असं नाही. तुम्हांला मी तेव्हा हे दाखवलं नाही.

आता त्या शुक्रवारबद्दल. ईदच्या आधीचा शुक्रवार होता. दुकान बंद म्हणून मी खोलीवर कपडे धुवत होतो. तुम्ही सकाळीच बाहेर पडलात, म्हणालात, बाजारात जातो. तासाभराने माझ्या लक्षात आलं की माझा चष्मा दुकानात राहिला आहे, म्हणून मी किल्ल्याकडे गेलो. दुकानाचं शटर गुडघ्याएवढं वर होतं. आत लोखंड कापल्याचा आवाज येत होता. मी वाकून आत गेलो तर तुम्ही खिडकीपाशी पाठमोरे उभे, पुढ्यात एक साधी एकनळी छऱ्याची बंदूक, अगदी स्वस्तातली, दुकानात सहसा येत नाही तसली. तिची नळी तुम्ही वीतभर कमी केली होती. दस्ताही कापून हलका केला होता. मी खिळ्याकडे बघितलं. खिळ्यावर त्या बंदुकीची नक्कल नव्हती. मनात पाल चुकचुकली.

मी विचारलं, "हे कोणाचं काम?"

तुम्ही वळूनही बघितलं नाहीत. "तू तुझा काम बघ."

"कागद कुठे आहे?"

"हाय."

"खिळ्यावर नाही."

"खिल्यावर नाय म्हनून नाय असा नाय," तुम्ही म्हणालात, आणि कापलेला तुकडा उचलून खिशात टाकलात. माझ्यादेखत, अब्बा. एरवी कापलेला लाकडाचा कपचासुद्धा तुम्ही पुडीत बांधून मालकाला परत देणारे.

आखूड केलेली बंदूक म्हणजे काय हे या देशात पोरालाही कळतं. लांब बंदूक खांद्यावर मिरवायची, आखूड बंदूक कपड्यात मावते, आणि जे कपड्यात मावतं त्याच्याबद्दल पोलीस आधी विचारतात. परवान्यावर नवी लांबी चढवून, शिक्का घेऊन काम केलं तर ते कायद्याचं. नाही तर दुकानाचा परवाना जातो, कारागीर तुरुंगात जातो आणि त्याच्या मागे त्याच्या पोराचा व्हिसाही. मी चष्मा घेतला आणि बाहेर पडलो. समोरच्या चहावाल्या मलबाऱ्याने मला हाक मारली, मी थांबलो नाही. दुपारी तुम्ही खोलीवर आलात, म्हावरं साफ करायला बसलात, आणि गावाकडच्या मशिदीच्या छपराबद्दल काहीतरी बोलत राहिलात. तुमच्या बोलण्यात मला लपवाछपवी दिसत होती. आता आठवतं तर वाटतं, तुम्ही नेहमीसारखेच बोलत होतात.

ईद झाल्यावर चौथ्या दिवशी अर्बाबने तुम्हांला आत बोलावलं. कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. मी मागच्या बाकावरून ऐकत होतो. तो ओरडला नाही. तो म्हणाला, "जुम्मे को मेरा दुकान में बंदूक काटा?" तुम्ही म्हणालात, काटा. "पेपर था?" था. "किसका?" यावर तुम्ही गप्प. त्याने दोनदा विचारलं, तुम्ही दोनदा गप्प. मग अर्बाब काठी टेकून उठला. म्हणाला, "दरवाजा मेरे नाम पर है. मेरे को नहीं बोला, तो खलास." पोलिसांकडे तो गेला नाही, इतकी तुमची अब्रू त्याने राखली. पण पंधरा दिवसांत तुमचा व्हिसा रद्द झाला. चोवीस वर्षांची नोकरी होती ती.

जायच्या दिवशी तुम्ही सामानात दोन पोती भरलीत, पण हत्यारांची पेटी मागे ठेवलीत. तुमचा होडीच्या कामाचा रंधा, बाभळीच्या मुठीचा, तुम्ही माझ्या हातात दिलात. मग पेटीवर हात ठेवून म्हणालात, "ही पन तुला ठेवतंय. कवातरी तलापर्यंत रिकामी कर." मी हो म्हटलं. मस्कतच्या गाडीत बसताना तुम्ही माझ्याकडे बघून काही बोलणार होतात, ड्रायव्हर यल्ला यल्ला म्हणत घाई करत होता, आणि तुम्ही नुसता हात वर केलात. त्या संध्याकाळी अर्बाबने मला सांगितलं की उद्यापासून तू पुढे बस.

पेटी मी दोन महिन्यांनी रिकामी केली. पटाश्या, कानशी, सरसाचं भांडं, आणि अगदी तळाशी, भुश्याच्या थराखाली, ते फडकं. गाठ सोडली तर नळीचा तुकडा. दोन्ही टोकांना तुम्ही लाकडाच्या खुंट्या इतक्या चपखल बसवल्या होत्या की नखही शिरत नव्हतं. मला वाटलं, गंज चढू नये म्हणून. मी मनात म्हटलं, हा घ्या मुद्देमाल. एवढा प्रामाणिक माणूस, आणि एवढी साधी चोरी लपवायलाही जमली नाही. पुन्हा गाठ मारून ते फडकं मी होतं तिथेच ठेवलं. तुमच्याबद्दल कोणी दोन चांगले शब्द बोललं की मला त्या तुकड्याची आठवण यायची आणि मी विषय बदलायचो.

गावी अम्माने मलबाऱ्याला धरलं होतं. समोर बसून चोवीस तास बघत असतो, त्यानेच चुगली केली असणार, दुसरं कोण. "त्याचा तोंड पन बघू नको," असं ती मला फोनवर बजावायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं. मी अम्माला कधी नाही म्हटलं नाही. तुम्ही पलीकडून म्हणत असायचात, जाऊ दे गो, कोन बोलला त्याचा काय. तिच्या त्या शिव्या मलबाऱ्याला कधी पोहोचल्या नाहीत. तो मला सोळा वर्षं सकाळ-संध्याकाळ चहा पाजतो आहे. कपात साखर किती ते न विचारता घालतो, आणि मी तो कप घेताना त्याच्या डोळ्यांत बघत नाही.

मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला, अब्बा. गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याच्या चपला बघतो, मग गाडीचा नंबर, मग कागद. परवाना उन्हात धरून शिक्का तपासतो. अर्बाबचा मुलगा फोनवर हळू बोलला तर मी रंधा थांबवतो. बायको आणि मुलगी मस्कतच्या रुवीत राहतात, मी गुरुवारी रात्री जातो की शुक्रवारी, हेही मी आधी सांगत नाही. मुलीची मराठी अडखळते, पण परवा तिने मला सुनावलं, "अब्बा, यू डाउट एव्हरीवन. माझ्या मॅथ्सच्या टीचरवर पण." मी म्हटलं, दुनिया तशी आहे. ती म्हणाली, दुनिया नाही, तुम्ही. बायको स्वयंपाकघरातून हसली. मला हसू आलं नाही, कारण एका वाक्याने माणूस किती लांब फेकला जातो हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

काल, गुरुवारी, दुपारच्या सुमारास एक म्हातारा ओमानी आत आला. डोंगरातल्या गावचा, उन्हाने काळवंडलेला. उजवा हात धड, डावा खांद्यापासून लोंबता. बगलेत चादरीत गुंडाळलेली बंदूक. त्याने ती बाकावर ठेवून चादर उलगडली आणि मी हातातली कानस खाली ठेवली. आखूड नळी, हलका केलेला दस्ता, आणि दस्त्याच्या तळाला तुम्ही करता तसा तो बारीक गोल काठ. असा काठ ओमानात दुसरं कोणी काढत नाही. दस्त्याला मनगटापाशी चीर गेली होती, ती सांधून हवी होती.

मी कागद मागितला. त्याने दिला. नंबर जुळला, लांबीही आखूडच लिहिली होती. पण तो परवाना गेल्या वर्षी नवा केलेला. मी मनात म्हटलं, आधी चोरून कापून घेतली असेल, मागाहून कोणाला तरी सांगून कागद सरळ केला असेल. मी विचारलं, "ये किधर काटा?"

"इधर," तो म्हणाला. बोटाने खिडकी दाखवली. "तेरा बाबा काटा. तू उसका बेटा, ना? नाक वही है."

अर्बाबचा मुलगा आत हिशेबाच्या टेबलाशी होता. त्याने ऐकलं तर सोळा वर्षांपूर्वीचं मढं उकरलं जाणार, आणि या वेळी माझं नाव त्यात असणार, असं मला वाटलं. मी आवाज उतरवून म्हटलं, "बाबा ने गलत काम किया. बिना पेपर."

"नहीं," म्हातारा म्हणाला. मग तो स्टुलावर बसला, सावकाश, धड हाताने गुडघा धरून, आणि त्याने सांगितलं. त्या वर्षी तो खजुराच्या झाडावरून पडला. खांदा गेला. त्याच्या गावात ईदेला पुरुष ओळीने उभे राहतात, हातात बंदुका, आणि गाणी म्हणत पुढे सरकतात. ज्याच्या हातात बंदूक नाही तो बायका-पोरांत बसतो. आजोबाची लांब बंदूक त्याच्या एका हाताला पेलेना. पोरं ती उचलून द्यायला लागली तेव्हा त्याने ती विकली, आणि दुसरी घेतली, स्वस्तातली एकनळी. पोलिसांकडे जाऊन, डॉक्टरचा कागद दाखवून त्याने ती आखूड करायची रीतसर परवानगी काढली. तीन खेटे घातले. मग ती घेऊन तो तुमच्याकडे आला. "तेरा बाबा नंबर पढा, मैं पढा. जोर से," तो म्हणाला, आणि हसला.

त्याने तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. कागद खिळ्याला लावायचा नाही. बाजारातला जो तो कहवा पिताना खिळ्यावरचे कागद चाळतो, आणि त्याचा चुलतभाऊ रोज त्याच दुकानात बसायचा. डॉक्टरने काय लिहिलं आहे, खांदा कायमचा गेला की बरा होणार, हे त्याला गावभर व्हायला नको होतं. ईदेला तो ओळीत उभा राहील तेव्हा लोकांनी एवढंच बघावं की हा उभा आहे. तुम्ही कबूल केलंत. शुक्रवारी, बंद दुकानात, अर्बाबलाही न सांगता, कारण अर्बाबच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. कापलेला तुकडा तुम्ही रीतीप्रमाणे परत देऊ केलात, तर तो म्हणाला, घरात सापडला तर पोरं विचारतील, तूच ठेव.

मी तरीही विश्वास ठेवला नाही. संशयाला औषध नाही म्हणतात ते खरं आहे. मी विचारलं, तेव्हा परवानगी होती याला पुरावा काय?

"उसमें है," म्हातारा म्हणाला. "टुकडे में. बाबा बोला, पुलिस पूछे तो निकालेगा, और कोई पूछे तो नहीं. लकड़ी लगाके बंद किया मेरे सामने."

मग तो म्हणाला की पुढच्या ईदेच्या आधी तो तुमच्यासाठी खजूर घेऊन आला होता. तुम्ही नव्हतात. पुढच्या बाकावर तुमचा मुलगा होता. "तू ही बोला, अब्बा थक गया, गाँव गया." मला तो आठवत नाही. पण तेव्हा मी सगळ्यांना असंच सांगत होतो, आणि खजूर बहुधा मीच खाल्ले असतील. दस्ता शनिवारी न्यायला या, असं मी म्हटलं. तो इन्शाल्ला म्हणून उठला. शटरपाशी वळून त्याने विचारलं, बाबा ठीक आहे ना. मी सांगितलं. त्याने धड हात छातीवर ठेवला आणि ओठांतल्या ओठांत तुमच्यासाठी दुवा मागितली.

मी तुकडा काल उघडला नाही. आज सकाळी उघडला. खुंटी काढताना तुमचीच बारीक पटाशी लागली. आत कागद होता, घट्ट गुंडाळलेला, पिवळा पडलेला पण कोरडा. परवानगीची नक्कल. बंदुकीचा नंबर, जुनी लांबी, नवी लांबी, शिक्का, आणि तारीख त्या शुक्रवारच्या तीन दिवस आधीची. मागच्या बाजूला पेन्सिलीने, तुमच्या चौथी इयत्तेच्या मराठीत दोन शब्द. दोनदा वाचला.

सोळा वर्षं हा कागद माझ्या बाकाखाली होता. तुम्ही मला सांगूनही गेला होतात, तळापर्यंत रिकामी कर. मी तळापर्यंत गेलो आणि तळातल्या वस्तूच्या आत बघितलं नाही, कारण मला हवं होतं ते मला बाहेरूनच मिळालं होतं. अर्बाबने विचारलं तेव्हा हा कागद तुमच्यापासून चार हातांवर होता. तो काढून टेबलावर टाकला असतात तर नोकरी राहिली असती. एका परक्या माणसाच्या खांद्याचं दुखणं उघडं पडू नये म्हणून तुम्ही चोवीस वर्षं सोडून दिलीत. मला याचा अभिमान वाटायला हवा, आणि वाटतोही, पण त्याआधी राग येतो. मला एकट्याला तरी सांगायचं होतंत. शटर ओढून जवळ बसवून सांगितलं असतंत, तर मी कोणाजवळ बोललो असतो का?  तुम्ही मला सांगितलं नाहीत, म्हणजे तुम्ही मला ओळखून होतात.

मघाशी मी दार लावून घेतलं, कागद डाव्या हातात धरला, बंदूक उजेडात वळवली आणि नंबर मोठ्याने वाचला. आधी कागदावरचा, मग लोखंडावरचा. जुळला. मग तुकड्याचं कापलेलं तोंड नळीच्या तोंडाला लावून बघितलं, तेही जुळलं. पुन्हा एकदा वाचला. रस्त्यापलीकडून मलबारी खिडकीतून बघत होता, शुक्रवारी बंद दुकानात हा कोणाशी बोलतो आहे म्हणून. त्याने खुणेनेच चहा आणू का विचारलं. मी हो म्हटलं. कप घेताना मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे केस पार पांढरे झाले आहेत, हे मला आज दिसलं.

हे पत्र तुमच्याकडे पाठवायला पत्ता नाही. अम्माला वाचून दाखवीन म्हटलं तर ती मलबाऱ्याचं नाव काढील आणि मला पुढचं सांगावं लागेल. म्हणून ही पानं पेटीत जातील. शेवटचं एवढं पान कागदाबरोबर गुंडाळून नळीत घालणार आहे, एकच मावतं, आणि खुंटी परत ठोकणार आहे. तुमच्याइतकी चपखल बसणार नाही.

अर्बाबला मी सांगितलं. ईदच्या दुसऱ्या दिवशी, त्याच्या घराच्या ओट्यावर, खजूर खाता खाता. मी म्हटलं, अब्बा अडचणीत येतील, तुम्ही जरा विचारा त्यांना. मला तुमची काळजी होती म्हणून सांगितलं, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो, आणि ते खोटं नव्हतं. पण ओट्यावर बसलो असताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही नव्हतात. खिडकीजवळचा बाक होता. मला तो हवा होता, अब्बा. नंबर मी मोठ्याने वाचला. हे मात्र तोंडाने म्हणून बघितलं, आवाज आला नाही.